वऱ्हांड्यातलं कपाट

बाई खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. सरपंचाची खुर्ची आमच्या ग्रामपंचायतीत होती, चांगली सागवानी, पाठीला वेताची जाळी, आणि आधीच्या सरपंचांच्या तळहातांनी दोन्ही हात गुळगुळीत झालेली. तिच्यावर बाई आपली छत्री ठेवायच्या. स्वतः खोलीभर फिरायच्या. खिडकीपाशी जात, बाहेर बघत, परत येत, टेबलावरचा एखादा कागद उचलून उलटसुलट करून पाहत, ठेवून देत, पुन्हा खिडकीकडे. त्यांच्याशी बोलून झालं की माझी मान दुखायची.

मी तिथं ग्रामसेवक होतो. पंचविशीही ओलांडली नव्हती. मूळचा नाचणगावचा, घरात पहिलीच सरकारी नोकरी, त्यामुळे ती जाण्याची भीती पगाराच्या आधी घरी पोचलेली. हे गाव अल्लीपूरच्या बाजूला. नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच आहेत. तसं मोठं गाव, अर्धं शहरच. आठवडी बाजार, बँक, एस.टी.चा थांबा, कापसाच्या दिवसांत रस्त्यावर बैलबंड्यांची रांग. मी रुजू झालो तेव्हा बाई नुकत्याच सरपंच झाल्या होत्या.

सरपंच झाल्या म्हणजे केल्या गेल्या होत्या. सरपंचपदं बायांसाठी राखीव व्हायला लागली तो काळ. आमच्या गावावर आरक्षण पडलं तेव्हा बड्या घरांनी आपापल्या सुना शोधल्या. बाई एका व्यापारी घरातल्या थोरल्या सून. नवरा किराणा दुकान सांभाळायचा. धाकटा दीर कापसाचा व्यापार करायचा, राजकारणही करायचा, आणि घरात शब्द त्याचा चालायचा. अर्ज त्यानं भरला, प्रचार त्यानं केला, गुलाल त्यानं उधळला. बाईंनी सही तेवढी केली. गावानंही मत दिरालाच दिलं होतं, चिन्हासमोर नाव तेवढं वहिनीचं होतं.

पहिल्या मासिक सभेला दीर वहिनींच्या पुढे चालत आला, बाजूची खुर्ची ओढून बसला, आणि माझ्यापुढचं प्रोसिडिंगचं पुस्तक त्यानंच बाईंकडे सरकवलं.

"वहिनी, इथी सही करा."

"काय लिहिलं हाये?"

"नेहमीचंच हाये."

बाई खिडकीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मंग नेहमीचंच वाचा. सेवकभाऊ, वाचा बरं."

गावात सगळे मला 'साहेब' म्हणायचे. बाईंनी पहिल्या दिवसापासून 'सेवकभाऊ' म्हटलं. पदाच्या नावातलाच तो शब्द, पण तोवर कोणी असा सुटा काढून माझ्या हातात ठेवला नव्हता.

मी वाचायला लागलो. "उपरोक्त विषयास अनुसरून साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते असे ठरले की..."

"सर्वानुमते मतलब?"

"सगळ्यांच्या मतानं."

बाईंनी खोलीत नजर फिरवली. दोन सदस्य आले होते, त्यातला एक पेंगत होता. "सगळे कुठी हायेत? आन् चर्चा कवा झाली? मी तं इथीच होती."

दीर हसला. लहान मुलानं मोठ्यांच्या गप्पांत तोंड घातल्यावर आपण हसतो, तसं. मीही हसलो असेन. त्या दिवशी बाईंनी सही केली नाही. "उद्या पुन्हा वाचा," म्हणाल्या आणि छत्री उचलून निघून गेल्या.

'मतलब?' हा त्यांचा शब्द. सरकारी कागदातलं वाक्य जिथं वळण घेऊन दिसेनासं होतं, नेमक्या त्या जागी त्यांचा 'मतलब?' येऊन आदळायचा. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे कोणी करावी? 'यथावकाश' म्हणजे दिवाळीच्या आधी की नंतर? त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, त्यांना चांगलं वाचता यायचं. एकदा वैतागून मी म्हणालो, "बाई, तुम्हीच वाचून घ्या ना, मी कागद घरी पाठवतो."

"मले वाचता येते, सेवकभाऊ," त्या म्हणाल्या. "पण मी एकटीनं वाचलं तं मले एकटीलेच समजते. मंग त्याचं वझं मायावरच. सगळ्याईनं आयकलं म्हंजे वझं वाटल्या जाते."

म्हणून वाचन खोलीतून वऱ्हांड्यात आलं. आधी खिडक्या उघडल्या, मग दार, मग एके दिवशी टेबलच बाहेर. बाजाराच्या दिवशी मी वऱ्हांड्यात उभा राहून आलेली परिपत्रकं, मागच्या सभेचे ठराव, घरकुलाच्या यादीतली नावं, नळाच्या दुरुस्तीचा मजकूर, जे असेल ते मोठ्यानं वाचायचो. समोर बाजारातल्या भाजीवाल्या, न्हावी, गाडीची वाट पाहणारे प्रवासी, जनावरं बांधून आलेले शेतकरी. लोक त्याला 'पंचायतीची पोथी' म्हणायला लागले. "आज पोथी हाये का?" असं मला रस्त्यात विचारायचे. माझा घसा बसायचा. बाई पदराच्या गाठीतून ज्येष्ठमधाची काडी काढून द्यायच्या आणि तेवढ्यात म्हणायच्या, "मागची वळ पुन्हा वाचा, ह्या बाईले आयकू नाई गेली."

मला हे आवडत होतं असं सांगितलं तर खोटं होईल. मी सतत रस्त्याकडे बघत असायचो. तालुक्याची जीप येईल, कोणी साहेब उतरेल, विचारेल हे काय चाललंय, याची धाकधूक. एकेक ओळ वाचताना वाटायचं, ही वाचायला नको होती. आणि ती वाचून झाल्यावर काहीच झालं नाही की पुढच्या ओळीची धाकधूक.

कपाटाचं प्रकरण त्यानंतरचं. एका सकाळी मी पोचलो तर बाजारातले हमाल दफ्तराचं लोखंडी कपाट घामाघूम होऊन वऱ्हांड्यात ओढत होते आणि बाई त्यांच्या पुढेमागे फिरत "भिताडाले लावा, भिताडाले" म्हणत होत्या. आमचा शिपाई रडवेला झाला होता.

"बाई, दफ्तर चोरीले जाईन ना!"

"कोनाचं हाये ते?"

"गावाचं."

"मंग गावच नेईन. नेऊन नेऊन कुठी नेईन?"

कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडेच असायची, संध्याकाळी शिपाई वऱ्हांड्याच्या जाळीला कडी घालायचा. पण दिवसभर ते उघडं. ज्याला जे पाहायचं त्यानं मागावं आणि मी काढून दाखवावं, असा हुकूम. मला वाटलं, आता भांडणं घेऊन लोक येतील. पहिला आला तो म्हातारा शिंपी. त्याला काहीच काम नव्हतं. म्हणाला, "मायं नाव हाये का त्याच्यात?" मी घरांच्या नोंदींचं रजिस्टर काढून त्याचं पान दाखवलं. त्यानं चष्मा लावला, नावावर बोट ठेवलं, बाजूच्या रकान्यात बापाचं नाव होतं त्यावरही ठेवलं, आणि मागे उभ्या असलेल्यांना म्हणाला, "ह्यो मी." मग चष्मा काढून निघून गेला. बाई तेव्हा वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या चालायच्या थांबल्या.

बकरीचंही सांगितलं पाहिजे. टेबलावर नव्या आलेल्या परिपत्रकांचा गठ्ठा होता, मी पाणी प्यायला आत गेलो, आणि बाजारातली एक बकरी वऱ्हांड्यात चढली. पुढच्याच आठवड्यात विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी नेमकं तेच परिपत्रक मागितलं. मी कपाट उचकत बसलो, काहीतरी सबब जुळवत. बाई म्हणाल्या, "शोधू नका सेवकभाऊ. बकरीनं खाल्लं, साहेब."

विस्तार अधिकाऱ्यांना ती चेष्टा वाटली. त्यांचा चेहरा लाल झाला. बाईंनी त्यांना वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत नेऊन पलीकडे बांधलेली बकरी दाखवली. "हे पाहा. हेच हाये ते." त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मी इथं सांगत नाही, पण पुढच्या बाजारी बाईंनी तो शेराही वाचायला लावला.

कार्यालयात नसल्या की बाई गावात फिरत. नवी नाली बांधली जात असेल तर छत्रीच्या टोकानं सिमेंट ठोकून पाहत, कान लावून. "पोकळ बोलते," म्हणत. ठेकेदार लांबून छत्री दिसली की मागच्या गल्लीनं निघून जायचा. गावातली पोरंटोरं त्यांच्या चालण्याची नक्कल करायची, आणि मोठी माणसंही त्यांच्यामागे बोट कपाळाशी नेऊन फिरवायची. घरातूनही तेच. दीर पानठेल्यावर सांगायचा, "आमच्या वहिनीचं जरा असंच हाये. देवानं पाय देले, बूड नाई देलं." लोक हसायचे. तोवर तोही हसत होता.

मग बाजाराच्या जागेचा विषय आला.

बाजाराच्या मैदानाचा रस्त्याकडचा कोपरा सगळ्यात मोक्याचा. तिथं भाजीवाल्या बसायच्या, कारण गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं पहिलं पाऊल तिथं पडायचं. दिराला तिथं कापसाचं गोदाम हवं होतं. ती जागा ग्रामपंचायतीनं दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं त्याला द्यावी, असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे मंजुरीला पाठवायचा, असं त्यानं सदस्यांना धरून ठरवलं होतं. वहिनीला सरपंच केलं होतं ते यासाठीच, हे गावात कोणालाही माहीत नव्हतं असं नाही. मसुदा लिहून माझ्याकडे आला. त्यात जागेचं वर्णन होतं 'बाजार आवारातील पडीत जागा'.

सभेचा दिवस बाईंनी ठरवला. बाजाराचाच.

दीर म्हणाला, "वहिनी, आज गर्दी असते. उद्या घेऊ."

"गर्दी असते म्हणूनच," बाई म्हणाल्या. "सेवकभाऊ, वाचा."

मी वाचलं. 'पडीत जागा' पर्यंत आलो तेव्हा समोरच्या गर्दीतून वांगी विकणारी एक म्हातारी पुढे आली. हातात तराजू तसाच.

"कोनती जागा म्हणलं?"

"रस्त्याच्या बाजूची. कोपऱ्याची."

"पडीत?" ती म्हणाली. "आवं, मी बसून राह्यली ना तिथी! मायी सासू बसत होती. पडीत हावो का मी?"

एकदम गलका झाला. भाजीवाल्या वऱ्हांड्याच्या पायऱ्यांवर आल्या. सदस्य भिंतीकडे सरकले. दीर उठला, बाईंच्या जवळ गेला आणि खालच्या आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाला, "वहिनी, हे घरचं काम हाये. घर पाहा जराक."

बाईंचा आवाज त्याच्यासारखा खाली उतरला नाही. "घरचं हाये तं घरी वाचू. इथी आलं, म्हणून इथी वाचलं." मग सदस्यांकडे वळून एकेकाचं नाव घेत विचारलं, "तुमी मांडून राह्यले का हा ठराव? तुमी? मंग तुमी?" कोणी पायाकडे पाहिलं, कोणी तंबाखू मळायला लागलं. मांडणारा कोणी निघाला नाही. "लिहा सेवकभाऊ, कोनी मांडला नाई."

मी लिहिलं. लिहिताना वर बघितलं तर बाईंनी कपाटाचं दार घट्ट धरून ठेवलं होतं.

त्या घराची चूल दुसऱ्या दिवशी वेगळी झाली. दिरानं आवारात भिंत घातली. पण खरी भिंत बाईंच्या नवऱ्याच्या तोंडात बसली. त्यांना मी काका म्हणायचो. मुळात शांत माणूस. दुकानात गल्ल्यामागे बसून पुड्या बांधायचे, सुतळी दातानं तोडायचे. माझं सामान त्यांच्याकडूनच यायचं, आणि पूर्वी पुडी हातात देताना हळूच विचारायचे, "आज काय वाचलं?" ते विचारणं थांबलं. बाईंशी बोलणंही. धाकट्या भावानं अट घातली होती म्हणे, की वहिनीशी बोलशील तर माझ्याशी संबंध संपला. या दोघा भावांचे आईवडील लहानपणीच गेलेले. धाकट्याला काकांनीच वाढवलेलं.

दुकान आणि घर यांच्यात एक दार होतं फक्त. एकदा मी सामान घेत होतो, बाई आतल्या दाराशी आल्या. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सेवकसाहेब, घरी सांगा, मीठ संपलं."

मी चमकून पाहिलं. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर.

"सांगा त्याईले," बाई माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "मीठ फळीवर हाये. मांगच्या डब्यात."

मी निरोप्या झालो. मीठ, गॅसचा नंबर, मुलीच्या सासरहून आलेली खुशाली, सगळं माझ्यामार्फत. सुरुवातीला हसू यायचं, नंतर त्या दुकानात जायला नको वाटायचं. एकदा दुकानात कोणी नव्हतं तेव्हा मी म्हणालो, "काका, तुमीच बोला ना आता."

ते सुतळीचं टोक शोधत राहिले. "हिच्याशी बोललो तं भाऊ जाते. भावाशी बोललो तं हे जाते. मी कोनाले धाडू?" पुडी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ते चुकली नाई. पण मले सांगता नाई येत."

हे मी बाईंना सांगितलं नाही. तो निरोप त्यांनी दिला नव्हता.

तालुक्याहून मला बोलावणं आलं. साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, सरपंचबाई तुमच्यावर दबाव आणून दफ्तर बाहेर काढायला लावतात, असं दोन ओळी लिहून द्या, तुमचंच भलं आहे. मी म्हणालो, "साहेब, बाई फक्त वाचा म्हणतात." त्यांनी पेन माझ्यापुढे केलं होतं, ते परत खिशाला लावलं. "मग बदलीची तयारी ठेवा." एस.टी.त बसून परत येताना घरी काय सांगायचं, हेच घोकत होतो.

थोड्याच दिवसांत अविश्वासाचा ठराव आला. सह्या होत्या बहुतेक सगळ्या सदस्यांच्या. सभेला तहसीलदार अध्यक्ष म्हणून आले. कडक इस्त्रीचे, घाईतले. खिडक्यांना बाहेरून माणसं चिकटलेली. बाईंना विचारलं गेलं, काही म्हणायचंय का?

"नोटीस वाचा म्हणावं. मले मिळाली, पण ह्याईले नाई मिळाली." त्यांनी खिडक्यांकडे हात केला.

तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं आणि मला खूण केली. मी वाचलं. सरपंच मनमानी करतात. सदस्यांना विश्वासात घेत नाहीत. ग्रामपंचायतीचे दफ्तर चव्हाट्यावर आणून त्याची गोपनीयता भंग करतात. त्यांच्या निष्काळजीपणामुळे शासकीय परिपत्रक जनावराने खाल्ले. इथं खिडक्यांतून हसण्याची लाट आली. तहसीलदारांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. बाई हसल्या नाहीत. त्या चालत होत्या, भिंत ते भिंत, आणि ऐकत होत्या, दुसऱ्या कोणाविषयी वाचलं जातंय अशा.

"बकरीचं खरं हाये," त्या म्हणाल्या. "दफ्तराचंबी खरं हाये. विश्वासात घेत नाई म्हंता, तं मी कवा दार लावलं ते सांगा."

कोणी सांगितलं नाही. हात वर करायला सांगितलं तेव्हा मात्र हात वर गेले. खाली राहिले ते बाईंचा आणि एका सदस्य बाईचा, जी आजवर सभेत एक शब्द बोलली नव्हती. बाई एकेक वर गेलेला हात बघत गेल्या, मग माझ्याकडे वळल्या. "नावं बराबर लिहा सेवकभाऊ. कोनाचं सोडू नका." खुर्चीवरची छत्री उचलली आणि बाहेर पडल्या.

पायऱ्यांवर ती वांगीवाली म्हातारी पदर तोंडाला लावून उभी होती. बाई तिच्यापाशी थबकल्या. "कायले रडून राह्यली वं? गिऱ्हाईक उभं हाये तुयं."

कपाट त्याच दुपारी आत गेलं. उपसरपंचांकडे कारभार आला, आणि पहिल्याच सभेत, दार लावून, कोपऱ्याच्या जागेचा ठराव मंजूर होऊन जिल्हा परिषदेकडे रवाना झाला. बाईंचा अर्ज आला: ठरावाची नक्कल हवी. मी उपसरपंचांना सांगितलं, फी भरून कोणालाही पाहता येतं, तसा नियमच आहे. ते म्हणाले, "आधी दाखवाचं का नाई, याचा ठराव करू." आणि तो ठराव काही सभेपुढे येईना.

बाई रोज यायच्या. वऱ्हांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या. आत मला त्यांच्या चपलांचा आवाज यायचा, जवळ यायचा, लांब जायचा. लिहिताना माझं अक्षर बिघडायचं. उपसरपंच ओरडायचे, "बसवा ना कोनी तिले!" मग एका बाजाराच्या दिवशी त्या एकट्या नव्हत्या. भाजीवाल्या पाट्या डोक्यावरून उतरवून वऱ्हांड्यात आल्या, आणि त्यांच्या मागे ज्यांना घरात काम होतं अशी बरीच माणसं. कोणी घोषणा दिल्या नाहीत. नुसते उभे राहिले. उपसरपंच आतून म्हणाले, "दाखवा, दाखवा एकदाचं."

बाईंनी हरकत लिहिली, खाली बायांच्या सह्या आणि अंगठे. वर्ध्याहून पाहणीला माणसं आली ती नेमकी बाजाराच्या दिवशी. 'पडीत जागा' बघायला ती कोपऱ्यात गेली तर पाय ठेवायला जागा मिळेना. टोपल्यांमधून वाट काढताना एका साहेबांच्या बुटाखाली टमाटा फुटला आणि त्यांना तो विकत घ्यावा लागला. प्रस्ताव परत आला. गोदाम झालं नाही.

माझ्या बदलीचा आदेश मात्र आला. आष्टीकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बाईंचं माहेर तिकडचं. निरोप घ्यायला गेलो तर त्या दाराशीच उभ्या होत्या. "माया माहेराकडं चालले. बरं झालं. तिकडची माणसं बेचाळीसच्या चळवळीपासून ताठ हायेत, तुमाले जड नाई जाईन." मी विचारलं, "बाई, तुमाले काही वाटत नाही? पद गेलं, घरात हे असं..."

दुकानाच्या दाराकडे त्यांनी पाहिलं. पलीकडे काका कोणाला तरी साखर देत होते. "वाटते ना," त्या म्हणाल्या. "पदाचं नाई वाटत. स्वयंपाक कराले बसते ना, तं भाजीत मीठ बराबर हाये का, हे सांगाले कोनी नाई." आणि लगेच अंगणात काहीतरी उचलायला निघून गेल्या.

पुढची काही वर्षं माझा त्या गावाशी संबंध राहिला नाही. आष्टीकडे दिवस गेले, लग्न झालं, बढती मिळाली. दरम्यान माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि कार्यालयांच्या भिंतींवर पाट्या लागल्या. मी विस्तार अधिकारी होऊन त्याच तालुक्यात परत आलो. टेबलावर जी कामं आली त्यात हे माहितीचे अर्जही होते.

एका दुपारी काका आले. पाठ थोडी वाकली होती, टोपीखालचे केस पूर्ण पांढरे. मी उठून उभा राहिलो. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"बाई कशा आहेत?"

"बाहेर हाये. म्हणे मीच जाते आत. मी म्हटलं नाई, मी देतो."

अर्ज त्यांच्या नावानं होता, त्यांच्याच हिशेबी, टपोऱ्या अक्षरात. गावाबाहेरच्या पांदण रस्त्यावर, म्हणजे ज्या वाटेनं लोक बंड्या घेऊन वावरात जातात तिच्यावर, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचं वाढीव बांधकाम आलं होतं. त्याची परवानगी कोणी दिली, हे त्यांनी विचारलं होतं. जिनिंगच्या मालकाचं नाव वाचून मी वर पाहिलं.

"काका, हे तर तुमच्या भावाचं."

"हो."

"भावाच्या विरोधात अर्ज देऊन राह्यले?"

"भावाच्या इरोधात नाई," ते म्हणाले. "रस्त्याच्या बाजूनं." त्यांनी हातानं टोपी काढून पुन्हा घातली. "लहानाचा मोठा केला मी त्याले. बंड्या अडकून राह्यल्या, लोक शिव्या देऊन राह्यले, आन् मी पुड्या बांधून राह्यलो. किती दिवस बांधू? बोलला नाई तं नाई बोलला तो."

मी अर्जावर शिक्का मारला, पोच दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली, नमस्कार केला आणि गेले.

खिडकीतून अंगण दिसत होतं. कडुलिंबाखाली बाई होत्या, अंगानं रोडावलेल्या. त्यांनी काकांच्या हातून कागद घेतला, हात लांब करून धरला आणि वाचायला लागल्या. मग कागदावर बोट आपटलं.

"'वाढीव' कुठी हाये? नुसतं बांधकाम लिहिलं तुमी! ते म्हणतीन जुन्याचीच परवानगी घ्या!"

"दुसऱ्या वळीत पाह्य ना! दिसत नाई का तुले?"

"दुसऱ्या वळीत रस्ता हाये!"

"मंग तिसऱ्या! मले का अक्कल नाई? रातभर बसून लिहिलं मी!"

"तवाच म्हटलं होतं, मले वाचून दाखवा..."

"दाखवलं ना! तूच उठून चालली गेली मधात!"

सायकली लावणारे थांबून बघायला लागले. दोघांचेही आवाज चढत होते, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. काकांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमचा शिपाई दारातून डोकावला.

"साहेब, ते म्हातारे भांडून राह्यले बाहेर. हाकलू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "लय वर्षांनी बोलून राह्यले ते."